पांझरेचा पाट आणि आठवणीतली नदी : एका थळाचे प्रकरण

नदीवरच्या ललित लेखनात पाणी भरपूर वाहते, परंतु ते कोणाच्या शेतात किती वेळ वाहिले याचा हिशेब त्यात सहसा नसतो. खानदेशात, साक्री तालुक्यातील ज्या गावात माझे बालपण गेले, तेथील पांझरा नदीविषयी लिहावयास बसलो तेव्हा हा हिशेब टाळून पुढे जाता येईना. म्हणून या लेखनाची सामग्री आठवणींची असली, तरी मांडणी प्रकरण अभ्यासाची ठेवली आहे : एक बंधारा, त्यातून निघालेला एक पाट, त्या पाटाखाली भिजणारे एक थळ, आणि सुमारे दोन पिढ्यांच्या काळात त्या थळाची घडी कशी विस्कटत गेली याची हकिगत. यातील माणसे हयात आहेत आणि त्यांच्यातील काही वाद अजून मिटलेले नाहीत, त्यामुळे गावाचे वा व्यक्तींचे नाव कोठेही दिलेले नाही.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते, पूर्वेकडे वाहत धुळ्यापर्यंत येते, पुढे उत्तरेकडे वळण घेते आणि बेटावदच्या पुढे मुडावदजवळ तापीला मिळते. साक्रीकडून येणारी कान ही तिची मुख्य उपनदी. तापी किंवा गिरणेच्या मानाने ती लहान नदी आहे. पण तिला पूर येतो तेव्हा तो लहान नसतो. १८७२ च्या पुराने धुळ्यात मोठी हानी केल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये याच शहरातील पूल वाहतुकीसाठी बंद करावे लागले, हे आजच्या पिढीने पाहिले आहे. एरवी उन्हाळ्यात हीच नदी पायाचा घोटा बुडेल इतकीही उरत नसे. पावसाळ्यात आवरत नाही आणि वैशाखात सापडत नाही अशा नदीवर शेती करावयाची, तर तिच्या मधल्या काळावर, म्हणजे पाऊस ओसरल्यापासून फाल्गुनापर्यंत पात्रात टिकणाऱ्या बारीक पण अखंड धारेवर, विसंबावे लागते. आमच्या भागातील फड पद्धती या बारीक धारेसाठी बसवलेली होती.

ही पद्धती पांझरेप्रमाणेच बागलाणातील मोसम आणि आरम या नद्यांवरही आढळते आणि ती तीनशे ते चारशे वर्षे जुनी असावी असे अभ्यासक मानतात. नदीच्या पात्रात जेथे काळा खडक उघडा पडलेला असेल, अशा जागी चुन्यात बांधलेला दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या एका अंगाने पाट काढावयाचा आणि जमिनीचा उतार धरून तो गावाच्या शिवारातून फिरवावयाचा. पाट आणि नदी यांच्या मधोमध जी जमीन येते ते थळ. थळाचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस असेल, तर दुसऱ्यात दोन हंगामांची पिके, तिसऱ्यात एकाच हंगामाचे पीक आणि चौथा पडीक. पुढच्या वर्षी हा क्रम सरकतो. आमच्या घराची जमीन चारही फडांत होती, अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांच्या रूपात, वरचे टोक पाटाला आणि खालचे टोक नाल्याला टेकलेले. लहानपणी ही तुकड्यांची शेती मला गैरसोयीची वाटे. वडील आणि चुलते एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाण्यातच निम्मा दिवस घालवीत. या तुकड्यांमागे न्यायाचा विचार होता. पाणी कमी पडले आणि पंचांनी एखादा फड सोडून द्यावयाचे ठरवले, तर त्या फडात सर्वांचीच थोडी थोडी जमीन असल्यामुळे तोटा सर्वांनाच होई; एकाचे शेत वाळले आणि शेजाऱ्याचे हिरवे राहिले असे घडत नसे.

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नव्या माणसाला पटकन ध्यानात येत नाही. फडात कोणताही शेतकरी स्वतःच्या शेताला स्वतः पाणी देत नसे. ते काम बारेकऱ्याचे. पाटावरची दारे उघडणे आणि झाकणे हे पाटकऱ्याचे, पिकांची राखण जागल्याचे, आणि या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. ही माणसे पंच नेमीत आणि त्यांचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने थळातील प्रत्येक खातेदाराकडून गोळा होई. शेतकरी कितीही मोठा असला तरी बांधावर उभा राहून बारेकऱ्याला हुकूम सोडण्याची रीत नव्हती. आमच्या गल्लीतले एक वृद्ध बारेकरी, ज्यांना सगळे गाव आबा म्हणे, गावातील एका वजनदार असामीला अहिराणीत ठणकावून सांगताना मी ऐकले आहे : "तुना वावरनं बारं सरनं, आते घर जाय." तुझ्या शेताची पाळी संपली, आता घरी जा. तो वजनदार गृहस्थ खरोखर घरी गेला. गावातील इतर कोणत्याही व्यवहारात त्या दोघांचे नाते असे नव्हते, हेही येथे नोंदवावयास हवे.

आता आठवणींकडे वळतो, कारण या प्रकरणात त्या पुराव्याचे काम करतात. नदीविषयी गावातील समवयस्कांशी आणि त्यांच्या आयांशी बोलत असताना प्रत्येकाला मी एकच विचारत होतो : जी गोष्ट आठवते, ती नेमकी कोठे घडली? मग ती जागा पायी जाऊन पाहिली. उत्तरांची संगती लावल्यावर जे दिसले त्याने नदीविषयीची माझी कल्पनाच बदलली. आम्ही पोहायला शिकलो तो डोह बंधाऱ्यामुळे मागे तुंबलेल्या पाण्याचा होता. बंधारा नसता तर तेथे खडक आणि गुडघाभर पाणी एवढेच असते. श्रावणात कानबाई या खानदेशी लोकदेवतेचे रोट झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिचे विसर्जन होई, तेही याच तुंबाऱ्यात. बायका धुणे धुवीत तो दगडांचा उतार नदीचा घाट नव्हताच. तो सांडम होता, म्हणजे पाटात जास्त झालेले पाणी नाल्यात सोडून पुन्हा नदीकडे पाठविण्याची वाट. तेथे पाणी सतत आणि स्वच्छ वाहत असे, कारण पाट भरून वाहत असे. चैत्र-वैशाखात ज्या वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या लागत आणि पिण्याच्या पाण्यासाठी झिरे खणले जात, ती वाळू बंधाऱ्याच्या खालच्या बाजूची होती; वरून झिरपणारे पाणी तिला ओल पुरवीत असे. हरभऱ्याच्या हुळ्यासाठी चोरपावलांनी फडात शिरलेल्या आम्हा पोरांना जागल्याने धरले, ही तर प्रत्येकाची आठवण आहे, आणि तिच्यात नदी नुसती आवाजापुरती आहे.

थोडक्यात, ज्या नदीला आम्ही निसर्ग समजत होतो ती बऱ्याच अंशी बांधकाम, नेमणूक आणि दरवर्षीची मेहनत यांतून घडलेली होती. ललित लेखनातील नदी हे सारे झाकून टाकते. बालपणीच्या नदीवरचे बहुतेक लेख वाचताना असे वाटते की पाणी आपोआप आले, लेखकाने त्यात पाय बुडवले आणि मग केव्हातरी जग बिघडले म्हणून ते आटले. बिघडण्यापूर्वी ते चालवीत कोण होते, हा प्रश्न त्या लेखांना पडत नाही. त्या लेखांतील हळहळ खोटी नाही, परंतु ती चुकीच्या दिशेला लागलेली असते, असे माझे मत आहे.

आमच्या थळात बिघाडाला एकच एक कारण सापडत नाही, आणि कारणे ज्या क्रमाने आली तो क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली आली विहीर. १९७२ च्या दुष्काळानंतर ज्यांना परवडले त्यांनी थळातच विहिरी खोदल्या. आधी तेलाची इंजिने आणि नंतर विजेचे पंप बसले. थळात पाणी लवकर लागले आणि उन्हाळ्यापर्यंत टिकले, म्हणून विहीरवाल्यांना वाटले की आपण पाटाच्या ताबेदारीतून सुटलो. त्या विहिरींना पाणी देत होता तो पाटच. मातीचा, फरशी नसलेला पाट सहा-आठ महिने अखंड वाहतो तेव्हा त्यातील मोठा वाटा जमिनीत मुरतो आणि खालच्या मुरमातून विहिरींत उतरतो. आमच्या खडकाळ प्रदेशात, जेथे पाषाणाच्या वरचा मुरमाड थर तेवढाच पाणी धरून ठेवतो, तेथे विहिरीचा भरवसा या मुरण्यावरच असतो. पाटाशी संबंध तोडलेला शेतकरी अशा रीतीने पाटाच्याच गळतीवर जगत होता आणि तिच्यासाठी काही देत नव्हता.

दुसरा बदल नदीच्या वरच्या अंगाला झाला. पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, जामखेलीवर त्याच नावाचा प्रकल्प आणि बऱ्याच नंतर खुद्द पांझरेवर अक्कलपाडा येथील निम्न पांझरा प्रकल्प, अशी धरणे होत गेली. धरणाने पाणी नाहीसे होत नाही, पण त्याची चाल बदलते. जी बारीक धार आश्विनापासून फाल्गुनापर्यंत अखंड येत असे, तिच्या जागी आवर्तने आली : काही दिवस भरपूर पाणी आणि मग बराच काळ कोरडे पात्र. फड पद्धतीला साठवण नाही, तिचा सगळा डौल अखंड धारेवर उभा आहे. आवर्तनाचे पाणी आले की सर्वांनाच एकदम हवे असते, आणि बारेकऱ्याने लावलेली पाळी अशा घाईत टिकत नाही. धरणांमुळे वरच्या गावांना जे मिळाले ते नाकारण्याचा येथे हेतू नाही. धरण आखताना खालच्या बंधाऱ्यांचा विचार पाण्याच्या घनफळापुरता झाला, ते कसे यावे याचा झाला नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

तिसरा ऊस. परिसरात साखर कारखाना आल्यावर उसाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. ऊस जमिनीत वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ उभा राहतो, खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारे पीक, ठेवला तर आणखी. चार फडांपैकी एकातच ऊस, हा नियम याच कारणाने होता. एका वर्षी वरच्या टोकाच्या काही विहीरवाल्या खातेदारांनी गहू-हरभऱ्यासाठी ठरलेल्या फडात ऊस लावला. पंचांनी बैठक बोलावली, दंड ठरवला. दंड भरला गेला नाही. त्या बैठकीत जे बोलणे झाले त्याची उपस्थितांनी सांगितलेली हकिगत एकमेकांशी जुळत नाही, मात्र एका बाबतीत सर्वांचे एकमत आहे : ऊस लावणाऱ्यांनी पाटाचे पाणी आपल्याला नकोच असल्याचे सांगितले आणि जे पाणी नको त्याचा नियम कशासाठी, असा प्रश्न केला. पंचांपाशी याचे उत्तर नव्हते. विहीर आणि पाट यांचे पाणी एकच आहे, हे त्या बैठकीत कोणी मांडले असते तरी ते पटवून देण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

त्यानंतरची घसरण संथ होती. दरवर्षी पाणी सोडण्याआधी थळातील प्रत्येक घरातून माणूस फावडे-घमेले घेऊन पाटाचा गाळ काढावयास जाई; ज्याची जमीन अधिक त्याच्याकडून अधिक माणसे. विहीरवाल्यांनी येणे सोडले, म्हणून इतरांनी कुरकुर केली, आणि मग काम अर्ध्या लांबीवर थांबू लागले. गाळ राहिला की शेपटाकडील, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाकडील, पट्ट्यांना पाणी पोहोचेना. ज्यांना पाणी पोहोचले नाही त्यांनी बारेकऱ्याच्या धान्यात कपात केली. कपात सर्वांत आधी ज्याच्यावर आली तो भूमिहीन होता, आणि त्याचा मुलगा सुरतेला गेला.

या मुद्द्यावर थोडे थांबावयास हवे, कारण फड पद्धतीचे कौतुक करणारे येथे घाईने पुढे जातात. थळातील न्याय खातेदारांमधला होता. ज्यांच्या नावावर पट्टाच नव्हता, त्यांना त्या न्यायात वाटा नव्हता. त्यांना काम होते. नदीकाठच्या वस्तीतील भिल्ल कुटुंबांचा पाटाशी संबंध राखण आणि मजुरी यांपुरता होता आणि नदीशी मासे व वाळूतील वाड्या यांपुरता. सुगीत खळ्यावर धान्य मोजून घेताना बारेकऱ्याला उभे राहून वाट पाहावी लागे, हे मी पाहिलेले आहे. सुरतेच्या कारखान्यात महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळतो, हे कळल्यावर त्याच्या मुलाने थळात का राहावे? फड मोडल्याचे दुःख ज्यांना सर्वांत कमी झाले त्यांत ही घरे आहेत, आणि त्यांच्या बाजूने पाहिल्यास ते रास्त आहे. पद्धत पुन्हा उभी करावयाची असेल, तर बारेकऱ्याचे काम कोणी आणि कशाच्या मोबदल्यात करावे, हा प्रश्न दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाआधी येतो.

बायकांच्या आठवणींनी या चित्राला आणखी एक बाजू दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी गौराई घेऊन नदीवर जात. आज साठी ओलांडलेल्या एका आत्याने सांगितले की त्यांच्या लहानपणी आखाजीच्या दिवसांत, म्हणजे वैशाखात, नदीला पाणी नसले तरी तुंबाऱ्यात असे. पुढे तेही नाहीसे झाले आणि विसर्जनासाठी कोणाच्या तरी विहिरीवर जाण्याची पाळी आली. विहीर खासगी, म्हणून आधी विचारणे आले. नदीवर जाताना विचारावे लागत नसे, हा फरक त्यांनीच दाखवून दिला, आणि पाण्याच्या मालकीवरचे इतके नेमके विधान मला एकाही पुरुष खातेदाराकडून मिळाले नाही. घरातील जुन्या पाणीपट्टीच्या पावत्या, ज्यांच्या माथ्यावर अजून पश्चिम खानदेश जिल्हा असे छापलेले आहे, त्यांतही हे सापडत नाही. १९०६ ते १९६० या काळातील त्या कागदांत क्षेत्र आहे, आकारणी आहे, पीक आहे. विचारावे लागणे वा न लागणे हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. आठवणींना पुरावा मानावयाचे ते अशा ठिकाणी.

काही वर्षांपूर्वी पाटाच्या सुरुवातीच्या भागाला सिमेंटचे अस्तर लावण्यात आले. पाण्याची गळती थांबेल आणि ते शेपटापर्यंत पोहोचेल, असा त्यामागे विचार होता. वरच्या भागात पाणी वेगाने वाहू लागले, हे खरे. मात्र अस्तर संपते त्या ठिकाणापासून पुढे गाळ तसाच असल्याने ते पाणी तेथेच तुंबून सांडमावाटे नाल्यात जाऊ लागले. त्याच सुमारास वरच्या टोकाच्या विहिरी पूर्वीपेक्षा लवकर तळ दाखवू लागल्या. ज्या खातेदारांनी आपल्याला पाट नको असे सांगितले होते, त्यांतील दोघांच्या मुलांनी आता पाटाची चौकशी सुरू केली आहे. अस्तर आणि विहिरी यांचा संबंध मोजमाप करून सिद्ध झालेला नाही. पावसाचे प्रमाण, विहिरींची वाढलेली संख्या आणि पात्रातील वाळूचा बेसुमार उपसा ही कारणेही तेथे हजर आहेत. वाळू गेल्यामुळे बंधाऱ्याखाली झिरा खणला तरी खडक लागतो, हे मात्र कोणीही जाऊन पाहू शकतो.

सध्याची स्थिती अशी आहे. चार फडांपैकी नदीलगतच्या दोन फडांतील खातेदार पावसाळ्याआधी आपापल्या लांबीपुरता पाट साफ करतात. पीक कोणते लावावे यावर कोणाचे बंधन नाही. पाटकरी, जागल्या आणि हवालदार ही पदे उरलेली नाहीत. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा महाराष्ट्राचा कायदा २००५ मध्ये झाला आणि त्याखाली पाणी वापर संस्था नोंदवता येते, याची गावात माहिती आहे. तथापि संस्थेचे क्षेत्र कोणते धरावे यावर घोडे अडले आहे. जुन्या थळाच्या सीमेप्रमाणे धरले तर विहीरवाले आत येतात आणि त्यांना वर्गणी द्यावी लागते. पाटाचे पाणी प्रत्यक्ष घेणाऱ्यांपुरते धरले तर ते बाहेर राहतात आणि मुरलेले पाणी पूर्वीप्रमाणे फुकट उपसतात.

माझे मत पहिल्या पर्यायाच्या बाजूचे आहे आणि ते मी गावात बोलून दाखवले आहे. विहिरीला थळाचा भाग मानल्याशिवाय वर्गणी न्याय्य रीतीने बसवता येणार नाही, आणि वर्गणीतून बारेकऱ्याला रोख, ठरलेल्या तारखेला आणि हंगामात पाणी कमी आले तरी न कापता पैसे मिळण्याची सोय झाल्याशिवाय कोणी ते काम घेणार नाही. आबांच्या नातवाला, जो आता धुळ्यात नोकरी करतो, मी या कामाविषयी विचारले असता त्याने आधी पगार विचारला, मग सुट्टी विचारली, आणि दोन्हींचा आकडा पंचांकडून लेखी मिळाल्यावर बोलू असे सांगितले. दसऱ्यानंतर होणाऱ्या बैठकीपुढे हा आकडा ठेवावयाचा आहे. तो काढण्यासाठी थळातील चालू विहिरींची यादी लागते. ती करण्याचे काम दोन तरुण खातेदारांनी अंगावर घेतले असून वरच्या टोकाकडील विहिरींची नोंद अद्याप बाकी आहे.